गुरुत्वीय लहरी गावाला सांगायच्या कशा?

(विशेष प्रतिनिधी)

शिरड शहापूर, जि. हिंगोली : औंढा नागनाथ तालुक्यातील हे गाव आजवर बाहेरच्यांना ठाऊक होते ते प्रामुख्याने येथील भगवान मल्लिनाथांच्या दिगंबर जैन मंदिरामुळे. परिसर हळदीचा. शेजारच्या वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. पाऊस, हळदीचा भाव आणि अलीकडे अधूनमधून जाणवणारे भूकंपाचे धक्के, हे इथल्या बोलण्याचे नेहमीचे विषय. मात्र याच तालुक्यातील दुधाळा परिसरात जगातील सर्वांत संवेदनशील यंत्रांपैकी एक उभे राहणार आहे. अब्जावधी वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळली, तेव्हा अवकाशात उठलेली थरथर टिपणे हे त्याचे काम. 'लायगो-इंडिया' हे त्याचे नाव.

केंद्रीय मंत्रिमंडळाने या प्रकल्पाला १७ फेब्रुवारी २०१६ रोजी तत्त्वतः, तर एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह अंतिम मान्यता दिली. ११ मे २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते दिल्लीतून त्याची पायाभरणी झाली. पुण्याचे आयुका, इंदूरचे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र, गांधीनगरचे प्लाझ्मा संशोधन संस्थान आणि अणुऊर्जा विभागाचे बांधकाम संचालनालय अशा चार संस्था त्यात आहेत. यंत्राचे मुख्य भाग अमेरिकेकडून येणार आहेत. अभियांत्रिकीच्या अंगाने प्रकल्प अवघड आहेच. परंतु तितकाच अवघड असा आणखी एक प्रश्न त्याच्यासोबत आला आहे, आणि त्याची निविदा निघत नाही. हे सारे आसपासच्या माणसांना समजेल असे सांगायचे कोणी, आणि कसे?

यंत्राला शेजाऱ्यांची गरज

'विज्ञानप्रसार' म्हटले की तो संशोधनाच्या कामाबाहेरचा, वेळ उरला तर करायचा उपक्रम आहे, असे अनेक शास्त्रज्ञांना वाटते. लायगोच्या बाबतीत तरी ही समजूत टिकणारी नाही. या यंत्राला परस्परांशी काटकोनात असलेल्या, प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा असतात. एक लेसर झोत दुभंगून दोन्ही भुजांच्या निर्वात नळ्यांत सोडला जातो. टोकाच्या आरशांवरून परतलेले झोत पुन्हा एकत्र येतात, तेव्हा ते एकमेकांना खोडून काढतील अशी रचना असते. गुरुत्वीय लहर आली की एक भुजा किंचित लांबते, दुसरी किंचित आखडते. मग खोडाखोड पूर्ण होत नाही आणि उरलेला प्रकाश लहरीची वर्दी देतो.

हा बदल इतका सूक्ष्म असतो की आसपासची प्रत्येक हालचाल त्यात मिसळू पाहते. अमेरिकेतील लिव्हिंग्स्टन येथील वेधशाळेला जवळच्या जंगलातील वृक्षतोडीचा त्रास होत असे. हॅनफर्ड येथे तर नळ्यांवर जमलेले बर्फ टोचणाऱ्या डोमकावळ्यांच्या चोचींची नोंद यंत्राने केली होती. तेव्हा अवजड वाहतूक, खडीकेंद्रे, सुरुंग यांपैकी काय कोठे असावे आणि काय नसावे, याविषयी दुधाळ्याच्या भोवतालच्या गावांशी पुढील कित्येक दशके बोलावे लागणार आहे. ज्यांच्या सहकार्यावर यंत्र चालायचे, त्यांना यंत्र कशासाठी आहे हे ठाऊक नसेल, तर सहकार्य मागायचे कोणत्या तोंडाने?

भूकंपाच्या छायेतील प्रश्न

मराठवाड्यात भूकंप हा अभ्यासाचा नव्हे, आठवणीचा विषय आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात हजारो माणसे गाडली गेली. हिंगोली जिल्ह्यातही २१ मार्च २०२४ च्या सकाळी काही मिनिटांच्या अंतराने ४.५ आणि ३.६ तीव्रतेचे दोन धक्के बसले. त्याच वर्षी १० जुलैला पुन्हा ४.५ तीव्रतेचा धक्का जाणवला. ज्या भूमीत असे घडते, तेथे 'जमिनीतील कंपने मोजणारे परदेशी यंत्र' आल्याचे अर्धवट कानावर पडले, तर दोन गोष्टींचा संबंध जोडायला माणसाला वेळ लागत नाही. त्यात प्रकल्पाच्या कागदांवर 'अणुऊर्जा विभाग' असे नाव असते. अणुभट्टीचा आणि या वेधशाळेचा काडीचाही संबंध नाही, हे शहरातील किती वाचकांना ठाऊक असेल?

उत्तर सोपे आहे आणि ते आधीच द्यायला हवे. लायगो काहीही सोडत नाही. ते केवळ ऐकते. त्यातून किरणोत्सर्ग होत नाही, धूर निघत नाही, जमिनीत काही पेरले जात नाही. लेसरचा झोत निर्वात नळीतच राहतो. भूकंप या यंत्रामुळे होत नाही. उलट भूकंप हा यंत्राचा शत्रू आहे. दूर देशात झालेल्या मोठ्या भूकंपाच्या लाटा पोहोचल्या, तरी आरशांची नाजूक जुळणी सुटते आणि ती नव्याने जमवावी लागते. 'मग धक्के बसणारी हीच जागा का?' हा गावकऱ्याचा पुढचा प्रश्न असेल, आणि तो अडाणीपणाचा नव्हे, चोख प्रश्न आहे. जागा निवडताना रोजची, सततची कंपने किती आहेत हे पाहिले जाते. क्वचित येणारा धक्का वेगळा आणि रात्रंदिवस चालणारी थरथर वेगळी. हा फरक नकाशा पुढे ठेवून गावात बसून समजावता येतो. तो समजावला गेला नाही, तर रिकामी जागा अफवा भरून काढते.

थेनीने काय शिकवले

हे भय काल्पनिक नाही. तमिळनाडूतील थेनी जिल्ह्यात डोंगराच्या पोटात न्यूट्रिनो वेधशाळा उभारण्यास केंद्राने जानेवारी २०१५ मध्ये मंजुरी दिली होती. सूर्याकडून आणि अवकाशातून येणारे न्यूट्रिनो आपल्या शरीरातून अहोरात्र, निरुपद्रवीपणे आरपार जात असतात. परंतु वेधशाळेतून किरणोत्सर्ग होईल, सुरुंगांमुळे धरणांना धोका पोहोचेल, अशी भीती पसरली. पश्चिम घाटाच्या पर्यावरणाविषयीचे काही आक्षेप विचारात घेण्याजोगेही होते. शास्त्रज्ञ बोलू लागले तोवर गावांचे मत बनून गेले होते. प्रकरण न्यायालयांत गेले आणि २०२२ मध्ये तमिळनाडू सरकारने सर्वोच्च न्यायालयात प्रकल्पास स्पष्ट विरोध नोंदवला. हवाई बेटांवरील मौना केआ या पर्वतावर होऊ घातलेल्या तीस मीटर व्यासाच्या दुर्बिणीचे कामही तेथील मूळ रहिवाशांच्या आंदोलनामुळे २०१५ आणि २०१९ मध्ये थांबले. त्या पर्वताला ते पवित्र मानतात. तेथे प्रश्न माहितीचा नव्हता, मानाचा होता. लोकांना समजावणे आणि लोकांना विचारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा त्याचा अर्थ.

खोडदची जमा आणि खर्च

महाराष्ट्राला यासाठी परदेशात पाहण्याची गरज नाही. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत द्राक्षबागा आणि उसाच्या फडांमध्ये विखुरल्या आहेत. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ती साकारली. दर वर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, येथे भरणाऱ्या प्रदर्शनाला ग्रामीण भागातील हजारो विद्यार्थी आपले प्रयोग घेऊन येतात. शास्त्रज्ञ त्या दिवशी भाषण ठोकत नाहीत. पोरांच्या टेबलापुढे उभे राहून प्रश्न विचारतात. एखाद्या संशोधन संस्थेने गावाशी नाते कसे जोडावे, याचा हा चांगला नमुना आहे.

मात्र नात्याची परीक्षा हिताचा प्रश्न आला की होते. पुणे-नाशिक लोहमार्गाची नारायणगावकडून जाणारी आखणी दुर्बिणीच्या कामात अडथळा आणील, या कारणाने ती बदलण्याची भूमिका रेल्वे मंत्रालयाने घेतली आणि परिसरात नाराजी उमटली. दूरच्या दीर्घिकांकडून येणारे रेडिओ संकेत अत्यंत क्षीण असतात आणि विजेवर धावणारी गाडी त्यात गोंगाट मिसळू शकते, हे वैज्ञानिकदृष्ट्या खरे आहे. परंतु ज्याच्या दारातून गाडी जायची राहिली, त्याला 'दीर्घिका' हे उत्तर पुरत नाही. काय पर्याय तपासले, गाडी आणि दुर्बीण दोन्ही राहतील असा मार्ग आहे का, हे त्याला ऐकायचे असते. औंढ्याने खोडदकडून केवळ प्रदर्शन नव्हे, हा अनुभवही घ्यावयास हवा.

शून्यांची गर्दी

आता प्रत्यक्ष सांगण्याकडे येऊ. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील दोन्ही वेधशाळांनी पहिली गुरुत्वीय लहर टिपली. सूर्याच्या सुमारे ३६ पट आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे एकरूप झाली, आणि सूर्याच्या सुमारे तिप्पट वस्तुमान लहरींच्या ऊर्जेत बदलून गेले. अंतर सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे. भुजेच्या लांबीत झालेला फरक सांगायचा तर एकावर एकवीस शून्ये मांडून येणाऱ्या संख्येचा एक भाग. बहुतेक व्याख्याने येथेच श्रोता गमावतात. एकवीस शून्ये आणि अठरा शून्ये यांत सामान्य माणसाला फरक जाणवत नाही, आणि जाणवावा अशी अपेक्षाही चुकीची आहे.

तेच असे सांगता येते. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा सुमारे सव्वाचार प्रकाशवर्षे दूर आहे. तेथपर्यंतच्या अंतरात एका बारीक केसाच्या जाडीएवढा फरक पडला, तर तो ओळखण्याइतकी ही अचूकता आहे. संख्या तीच, पण आता तिला हात लावता येतो.

उपमांचेही तसेच. 'तळ्यात दगड टाकल्यावर तरंग उठतात तसे' ही उपमा सर्रास वापरली जाते. तरंग दूरवर पसरतात आणि क्षीण होतात, इतके ती बरोबर सांगते. परंतु तेथे पाणी हालते. येथे अवकाशच ताणले आणि आखडले जाते. त्यासाठी घरातलीच वस्तू अधिक उपयोगी पडेल. विणलेले कापड तिरके धरून एका दिशेने ओढले की दुसऱ्या दिशेने ते आक्रसते. लायगोच्या दोन काटकोनी भुजा हेच ताणणे आणि आक्रसणे टिपतात. उपमा द्यावी, आणि ती कोठे लंगडी पडते हेही लगेच सांगावे. श्रोत्याला त्यात अपमान वाटत नाही, विश्वास वाटतो.

अमेरिकेत दोन यंत्रे असताना भारतात आणखी एक कशाला, या प्रश्नाचे उत्तर तर कीर्तनाला बसणारा कोणीही देऊ शकेल. डोळे मिटले तरी टाळ कोणत्या बाजूला वाजतो ते कळते, कारण आवाज एका कानाला आधी आणि दुसऱ्याला क्षणभर नंतर पोहोचतो. गुरुत्वीय लहरीचा उगम आकाशात कोठे आहे हे असेच, वेगवेगळ्या यंत्रांपर्यंत ती पोहोचण्याच्या वेळेतील फरकावरून ठरते. कान जितके दूर दूर, तितकी दिशा नेमकी. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मिलनाची लहर आली, तेव्हा युरोपातील 'व्हर्गो' हे यंत्र सोबत होते. म्हणूनच जगभरच्या सुमारे ७० वेधशाळांना त्या ठिकाणी दुर्बिणी वळवता आल्या. अमेरिका आणि युरोप यांपासून दूर असलेले दुधाळ्याचे यंत्र हा असाच एक मोलाचा कान ठरेल.

शब्दांचा पेच

मराठीत खगोलशास्त्र सांगणाऱ्यापुढे आणखी एक अडचण असते. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ मध्ये लिहिलेल्या इतिहासग्रंथाच्या नावात 'ज्योतिःशास्त्र' हा शब्द आकाशविज्ञानासाठी आहे. आज 'ज्योतिष' म्हटले की पत्रिका डोळ्यांपुढे येते. ग्रह, राशी, युती, ग्रहण हे सारे शब्द दोन्हीकडे वापरले जातात. तेव्हा शास्त्रज्ञ 'गुरू आणि शनी यांची युती' म्हणतो, त्या वेळी ऐकणारा 'आम्हाला कशी?' असे विचारतो. त्याची थट्टा करणे सोपे आहे. त्याच प्रश्नापासून सुरुवात करून दोन ग्रह केवळ आपल्या दृष्टिरेषेत जवळ दिसतात, प्रत्यक्षात त्यांच्यात कोट्यवधी किलोमीटरचे अंतर असते, हे दाखवणे अधिक उपयोगाचे.

'कृष्णविवर' हा शब्दही असाच फसवा. विवर म्हणजे बीळ, भोक. परंतु कृष्णविवर हे रिकामे भोक नसून अतिशय थोड्या जागेत कोंबलेले प्रचंड वस्तुमान आहे. १० एप्रिल २०१९ रोजी प्रसिद्ध झालेले त्याचे नारिंगी कडे आपण साऱ्यांनी पाहिले. तो डोळ्यांना दिसणारा प्रकाश नव्हता. रेडिओ लहरींच्या नोंदींना दिलेला तो रंग होता. चित्रासोबत हे एक वाक्य छापले असते, तर चित्राचे सौंदर्य कमी झाले नसते.

मंगळ चंद्राएवढा!

वाक्यातील एक अट गळाली की काय होते, याचे उदाहरण प्रत्येकाने कधी ना कधी अनुभवले आहे. २७ ऑगस्ट २००३ रोजी मंगळ सुमारे ६० हजार वर्षांत आला नव्हता इतका पृथ्वीजवळ आला. ७५ पट मोठे दाखवणाऱ्या दुर्बिणीतून पाहिल्यास तो नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या पौर्णिमेच्या चंद्राएवढा दिसेल, असा मजकूर त्या वेळी ई-मेलवरून फिरला. पुढे पाठवणाऱ्यांनी दुर्बीण गाळली आणि चंद्र ठेवला. पुढे वर्षेही गाळली गेली, आणि दर ऑगस्टमध्ये 'आज रात्री आकाशात दोन चंद्र' हा निरोप आधी ई-मेलवर, मग मोबाइलवर येत राहिला. दोष केवळ पाठवणाऱ्यांचा नाही. अट जोडूनच अर्थ लागेल असे वाक्य लोकांत सोडायचेच नसते. आपले वाक्य अर्धे तोडले गेले तरी खोटे ठरणार नाही ना, हे लिहिणाऱ्याने आणि छापणाऱ्याने तपासले पाहिजे. वृत्तपत्रांनाही हे लागू आहे.

'अजून ठाऊक नाही'

सर्वांत कठीण गोष्ट म्हणजे अनिश्चितता सांगणे. मार्च २०१४ मध्ये दक्षिण ध्रुवावरील बायसेप-२ या दुर्बिणीच्या गटाने विश्वाच्या आरंभीच्या गुरुत्वीय लहरींच्या खुणा सापडल्याचे पत्रकार परिषद घेऊन जाहीर केले. पुढे त्या खुणांचा बराचसा भाग आपल्याच आकाशगंगेतील धुळीमुळे असल्याचे निष्पन्न झाले. उलट लायगोने सप्टेंबर २०१५ मध्ये लहर टिपली, तरी ती जाहीर केली ११ फेब्रुवारी २०१६ रोजी, पाच महिने तपासून. त्याही आधी, २०१० मध्ये, या गटातील मोजक्या लोकांनी यंत्रात मुद्दाम एक खोटा संकेत सोडला होता. शेकडो शास्त्रज्ञांनी महिनोन्महिने त्याचे विश्लेषण केले, शोधनिबंधही तयार केला. शेवटी पाकीट उघडून तो खोटा असल्याचे त्यांना सांगण्यात आले. स्वतःची अशी परीक्षा घेणारे विज्ञान लोकांना सांगितले जात नाही. सांगितला जातो तो केवळ निकाल. खरे तर निकालापेक्षा ही गोष्ट गावाला अधिक पटेल. तराजू आधी तपासून मग माल तोलणाऱ्यावरच बाजाराचा विश्वास असतो.

पोस्टकार्डाचा वारसा

या बाबतीत मराठी माणूस भाग्यवान आहे. मे २०२५ मध्ये निधन पावलेल्या डॉ. जयंत नारळीकरांनी जागतिक कीर्तीचे संशोधन करीत असतानाच मराठीत लिहिणे कधी सोडले नाही. मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत आपल्या नावाचा प्रभाव पडू नये म्हणून त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली आणि ती पहिली आली. आयुकाच्या आवारात पु. ल. देशपांडे यांच्या नावाने मुलांसाठी विज्ञान शोधिका उभी राहिली. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना नारळीकर सांगत, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही मिळेल. स्वाक्षरीच्या मोहातून मुलाला प्रश्नाकडे नेणारी ही युक्ती साधी होती. शास्त्रज्ञ काय सांगू इच्छितो, यापेक्षा समोरच्याला काय विचारायचे आहे, येथून ती सुरू होत असे.

पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून, तर मुंबईचे खगोल मंडळ हॅलेच्या धूमकेतूच्या काळापासून आकाशदर्शनाचे काम करीत आहे. परंतु या परंपरेचा ओघ बहुतांशी पुणे-मुंबईकडे वाहिला. मराठवाड्याचे आकाश शहरांपेक्षा कितीतरी स्वच्छ आणि काळे. दुर्बिणी मात्र शहरांत, असा हा उफराटा व्यवहार आहे.

करता येण्याजोगे

तो बदलायला फार मोठा निधी लागत नाही. तालुक्यातील विज्ञान शिक्षकांना आधी विश्वासात घ्यावे. कारण शास्त्रज्ञ दिवसभर येतो, शिक्षक वर्षभर राहतो. माहितीपत्रक इंग्रजीतून भाषांतरित न करता मूळ मराठीत लिहावे आणि छापण्यापूर्वी गावातील चार जणांना वाचायला द्यावे. जेथे ते अडखळतील ते वाक्य बदलावे. ग्रामसभेत जमीन, रस्ता, पाणी आणि नोकरी यांवरचे प्रश्न आधी घ्यावेत, कृष्णविवरे नंतर. वेधशाळेत कायमची पदे मर्यादितच असणार. हे गोड बोलून लपवण्यापेक्षा आरंभीच सांगावे. आणि एकदा येऊन गेलेल्याने पुन्हा यावे. समारंभ एका दिवसाचा असतो, शेजार दशकांचा.

औंढ्याच्या देवळाविषयी एक कथा या भागात लहान मुलालाही ठाऊक असते. नामदेवांना कीर्तनासाठी देवळाच्या मागे जायला सांगितले गेले, तेव्हा देऊळच फिरले आणि त्याचे तोंड त्यांच्याकडे झाले. ज्या नर्सीला नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते, तीही याच जिल्ह्यात आहे. त्या कथेचा श्रद्धेचा भाग ज्याचा त्याने ठरवावा. दुधाळ्याला उभ्या राहणाऱ्या वेधशाळेला मात्र तोंड फिरवण्यासाठी चमत्काराची आवश्यकता नाही. तिचे दार कोणत्या दिशेला ठेवायचे, हे आजही तिच्या शास्त्रज्ञांच्याच हाती आहे.